मिटलेली बंदूक

सावळारामच्या हाती तीस वर्षं बंदूक होती, आणि तीस वर्षांत गावात तिला कुणी भ्यालं नाही. भिणार तरी कसं? बंदूक खांद्याला आणि तोंड अखंड चालू, असा तो माणूस. पडघ्याच्या बाजाराला निघाला की वाटेत भेटेल त्याची चौकशी. म्हैस दूध देते का, पोरीचं कुठं जमलं का, सासू अजून भांडते का? बाजारात पोचायचा तोवर बाजार उठलेला. बायको आनंदीबाई म्हणायची, "यांना मिरच्या आणायला धाडलं की गावच्या बातम्या येतात, मिरच्या न्हाय येत."

बंदूक बापाच्या वेळची, बाराबोरची दुनळी. परवान्यावर शेतरक्षण असं लिहिलेलं. भात पोटरीला आलं की डोंगरातली डुकरं उतरायची आणि उभ्या पिकाची नासाडी करायची. मग सकाळच्या वेळी पाड्यावरची वारली माणसं डबे बडवत रानातून यायची, आणि बांधावर सावळाराम बंदूक घेऊन बसायचा. डुकरं मारायची नव्हती, परतवायची होती. त्यामुळे बार नेहमी डोक्यावरून. मटणाची आशा धरून आलेले निराश होऊन जायचे, पण पीक वाचायचं.

या कामाला एक नियम होता आणि तो पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. बंदूक मधून मोडलेली असली, नळ्या खाली लोंबत असल्या, की आत काही नाही, खुशाल फिरा. ती मिटून हातात आली, की ज्याने त्याने असेल तिथं खाली बसायचं. पळायचं नाही, झाड शोधायचं नाही. उकिडवं बसायचं, मान गुडघ्यांत घालायची. पुन्हा मोडलेली दिसेपर्यंत उठायचं नाही.

एकदा बाबू उठला. बाबू म्हणजे ठकीचा भाऊ, आणि ठकी म्हणजे जान्याची बायको. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, बाबूला वाटलं झालं काम, तो उभा राहिला आणि त्याच घटकेला बार निघाला. दोन छरे दंडात घुसले. सावळारामने त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन त्याने जान्याला सांगितलं. जान्या त्याच्याच वयाचा, सगळ्या हाकाऱ्यांचा म्होरक्या.

"जान्या, यापुढं माझ्या तोंडावर जायचं न्हाय. मी बोंबललो, माझा बा सरगातून बोंबलला, तरी उठायचं न्हाय. बंदुकीवर जा. ती मोडलेली दिसली तरच उठा."

"हा दादा," जान्या म्हणाला. जान्या बोलायचाच तेवढं. पण एकदा हा म्हणाला की झाडाला खिळा ठोकल्यासारखं.

मग गोदामं आली. आधी वळ गावाकडे आली, काल्हेरकडे आली, आणि बघता बघता हायवे धरून इकडेही. सावळारामचं शेत गेलं, शेजाऱ्याचं गेलं, डुकरं उतरायची ती जागाच पत्र्याखाली गेली. लोकांनी घरं बांधली, गाड्या घेतल्या, त्यानेही बांधलं. पण सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न कुणी सोडवून दिला नाही. साठीच्या आतला धडधाकट माणूस ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा, आणि येणारेजाणारे मोटरसायकलवर असायचे. ऐकतंय कोण!

मुलगा हरेश तिथल्याच एका गोदामात कामाला होता. त्याने बातमी आणली की गेटवर गनमॅन पाहिजे, आणि ज्याची स्वतःची परवान्याची बंदूक असेल त्याला आधी घेतात. ठाण्याला खेपा घालून हरेशने परवान्यावरचा हेतू बदलून आणला. शेतरक्षण गेलं, दुसरं काहीतरी आलं. सावळारामला निळा युनिफॉर्म मिळाला, काडतुसांचा पट्टा मिळाला, आणि गेट मिळालं ते नेमकं त्याच्याच वरच्या शेताच्या जागेवरचं. जिथं भात लावला तिथं आता काँक्रीट होतं.

त्या काँक्रीटवरूनच पाड्याची पायवाट जायची. डोंगरावरून उतरून, कंपाउंडच्या भिंतीकडेने येऊन, गेटसमोरचा उतार ओलांडून हायवेला लागायची. दुसरी वाट नाल्याकडून होती, पण ती पाऊण तासाची आणि चढउताराची, आणि जान्याचे गुडघे गेलेले. कंपनीला ती पायवाट बंद करायची होती. जान्या एक दिवस सावळारामच्या ओट्यावर येऊन बसला.

"दादा, वाट राहील ना?"

"अरे, गेटवर मी हाय ना," सावळाराम छाती ठोकून म्हणाला. "मी असेस्तोवर तुला कोण अडवतो बघू. माझा शब्द."

शब्द दिला तेव्हा तो मनापासून दिला, हे मी मुद्दाम सांगतो. माणूस खोटा नव्हता.

पहिल्या दिवशी सावळाराम आपल्या सवयीने बंदूक मोडून, हातावर टाकून गेटवर उभा राहिला. सुपरवायझर विशाल, काल्हेरचा चुणचुणीत पोरगा, हसतच आला. "काका, ती बंद करा. अशी लोंबती ठेवली की लोकांना वाटतं खराब झालीय. बंद, खांद्याला, आणि तोंडावर थोडा कडकपणा. गप्पा नकोत. बंदूकवाला गप्पा मारायला लागला की त्याच्या बंदुकीला कोण विचारतो?"

सावळारामने बंदूक मिटली. लोकांत वावरताना ती मिटलेली त्याने आयुष्यात कधी धरली नव्हती. त्याला जड वाटलं, खोटं कशाला बोला. हमालांचा जमाव बोलत हसत येत होता, तो त्याच्यापाशी येताच गप्प झाला. याने आपलं विचारलं, "काय रे, कुठले तुम्ही?" तर एकाने खिशातून ओळखपत्र काढून समोर धरलं. याने चौकशी केली होती आणि त्यांनी झडतीसाठी हात वर केले. घरी येऊन तो आनंदीबाईला म्हणाला, "लोकं बोलतच न्हाय गं माझ्याशी."

"बंदूक घेऊन विचारल्यावर काय बोलतील?" ती म्हणाली.

महिनाभर त्याला ते बोचत राहिलं. मग बोचायचं थांबलं. मग, आता काय सांगू, ते गोड लागायला लागलं. कंटेनरचे ड्रायव्हर, एरवी बापाला न जुमानणारे, हा पुढे आला की केबिनमधून खाली उतरायचे. ज्याच्या हाका कुणी ऐकत नव्हतं, त्याने नुसतं पाहिलं की रांग सरळ व्हायची. ज्याला शेताच्या भावात कुणी विचारलं नव्हतं, गोदामाच्या नकाशात विचारलं नव्हतं, घरात टीव्ही कुठं लावायचा हेसुद्धा विचारलं नव्हतं, त्याला आता लोक विचारत होते, "चाचा, जाऊं?" आणि तो नुसती मान हलवत होता.

बोलणं कमी झालं आणि जे उरलं ते आखूड झालं. "तुम्ही" गेलं, "अरे बाबा" गेलं, राहिलं ते "ए". एका दुपारी दोघं हमाल रांगेत भांडले तेव्हा त्याने बंदूक खांद्यावरून काढून दोन्ही हातांत घेतली. रोखली नाही हो, नुसती घेतली. भांडण जागच्या जागी थिजलं. तोंड उघडावंही लागलं नाही. त्या दिवसापासून ती वरचेवर हातात यायला लागली. मग नळीनेच खूण करायची सवय लागली. नळी उजवीकडे म्हणजे बाजूला हो, नळी दोनदा हलली म्हणजे गाडी काढ. घरीसुद्धा त्याने एकदा सुनेला, रीमाला, बोटाने नुसती खूण केली, पाणी आण. आनंदीबाईने तांब्या स्वतः आणून त्याच्यापुढे आदळला. म्हणाली, "हितं गेट न्हाय."

पाड्याच्या वाटेचं मात्र त्याने सांभाळलं होतं. पहिल्या आठवड्यात जान्या आला, त्याने लांबूनच मिटलेली बंदूक पाहिली आणि भिंतीकडेला उकिडवा बसला. सावळारामला हसू आलं. त्याने बंदूक मोडून दाखवली, तेव्हा जान्या उठला आणि तिरप्या चालीने उतार ओलांडून गेला. रोज असं चालायला लागलं. जान्या यायचा, बसायचा, सावळाराम बंदूक मोडायचा, जान्या जायचा. पण विशालने कॅमेऱ्यात पाहिलं. "काका, दिवसातून चारदा बंदूक उघडता? सगळ्यांच्या समोर? भीड चेपेल त्यांची."

सावळारामने जान्याला बोलावून नवा नियम सांगितला. "खांद्यावर असली तर मिटलेली असली तरी चाल. हातात आली, तर बस."

जान्याने जरा विचार केला. "हातात आली तर बसायचं. मोडली की उठायचं."

"हां."

"हा दादा."

ते दोघं नियम बदलत होते, आणि त्यांच्यातला एकजण सध्या बंदूक दिवसातून किती वेळा हातात घेतो, याचा हिशेब दोघांनीही धरला नाही.

त्यानंतर जान्याला उतारावर बसून राहावं लागायला लागलं. सुरुवातीला सावळारामच्या लक्षात यायचं, मग उशिरा यायचं, मग कधी कधी जान्या बसलाय हे दिसत असूनही, समोर रांग आहे, माणसं बघताहेत, आता कुठं मोडू, असं व्हायचं. जान्या बसून राहायचा. शेवटी केव्हातरी बंदूक मोडली जायची. जान्या उठायचा. खांद्यावरचा भारा सावरून जायचा.

एवढ्यात निवडणूक लागली, आणि पोलीस ठाण्यातून निरोप आला की परवान्याच्या बंदुका जमा करा. सावळाराम पावती घेऊन रिकाम्या हाताने परत आला. विशालने त्याला एक काठी दिली आणि महिनाभर दुसऱ्या पाळीच्या काठीवाल्यांसारखा तोही गेटवर उभा राहिला.

पहिले दोन दिवस त्याला कपडे घातले नाहीत असं वाटलं. तिसऱ्या दिवशी एक हमाल त्याच्याशेजारी येऊन बिडी ओढत बसला. चंद्रा त्याचं नाव, ओडिशाचा, तिशीचा, हसरा. म्हणाला, "चाचा, आपका गाँव यहीं है?" झालं! सावळारामच्या तोंडाचं बूच निघालं. हे काँक्रीट आहे ना, इथं माझी भाताची खाचरं होती, तो खांब आहे तिथं विहीर, डुकरं तिकडून यायची. मोडक्या हिंदीत तो तासभर बोलला. चंद्राने त्याला आपल्या गावच्या हत्तींचं सांगितलं, तेही पीक असंच तुडवतात म्हणे. दुसऱ्या दिवशी चहाला चारजण होते. आठवड्याने त्याला वीस जणांची नावं ठाऊक होती, कुणाची बायको बाळंत व्हायचीय आणि कुणाचा भाऊ भिवंडीच्या यंत्रमागावर बोट गमावून बसलाय, तेही.

जान्या आला तो उतारावर थबकला. बंदूक खांद्यावर नाही, हातात नाही. त्याला कळेना काय करावं.

"अरे ये रे!" सावळाराम ओरडला. "सरकारजमा झाली ती. ये, बस माझ्यापाशी."

जान्या येऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसला. सावळारामने तंबाखू मळली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली. दोघं म्हातारे गुडघ्यांबद्दल बोलले, बाबूच्या दंडात राहून गेलेल्या एका छऱ्याबद्दल हसले. तो छरा अजून थंडीत ठणकायचा म्हणे. जाताना जान्या म्हणाला, "दादा, असं बरं हाय." एवढं मनातलं त्याने वर्षात बोलून दाखवलं नसेल.

आनंदीबाईही तेच म्हणाली. जेवताना तो चंद्राच्या हत्तींच्या गोष्टी सांगत होता आणि सून तोंडाला पदर लावून हसत होती, तेव्हा ती म्हणाली, "ती आणूच नका परत. पडू द्या ठाण्यात. काठीवर भागतंय ना?"

"भागतंय," तो म्हणाला. आणि त्याच्या मनात खरंच आलं, नको आणूया.

पण माणसाचं मन काही सरळ नसतं. त्याच आठवड्यात एका ड्रायव्हरने कंटेनर गेटमध्ये आडवा लावला. सावळाराम म्हणाला, भाऊ, जरा पुढे घे. तो केबिनमधूनच म्हणाला, "रुक ना बुड्ढे." दुसऱ्या दिवशी झडतीच्या वेळी एक पोरगा काठीखालून वाकून, गुदगुल्या केल्यासारखा खिदळत निघून गेला. रांगेतले सगळे हसले, चंद्राही हसला. त्यात वाईट काही नव्हतं. पण सावळारामला ते झोंबलं. विशालनेही सांगितलं की काठीवाले पुष्कळ मिळतात, गनमॅनची जागा बंदुकीची आहे. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोलीस ठाण्यातला कारकून यायच्या आधी, सावळाराम पावती घेऊन बाहेर उभा होता.

आता तो दिवस. मला तो सांगायचा नाही, पण त्याच्यासाठीच हे सगळं सांगतोय.

दुपारी चारची वेळ, शिफ्ट सुटलेली. ऊन मी म्हणत होतं. आतून एक बॉक्स कमी आला म्हणून प्रत्येकाची झडती दोनदा चालली होती, आणि दीडशे माणसं पत्र्याच्या धगीत उभी. पाण्याचा कूलर कुलुपात. गेटच्या एका अंगाला ही रांग, दुसऱ्या अंगाला एक कंटेनर, मागचं तोंड उताराकडे करून, इंजिन चालू ठेवून थांबलेला. आत वळायला जागा नसल्याने गाड्या उलट्याच बाहेर काढाव्या लागत.

चंद्रा रांगेतून पुढे आला. "चाचा, पानी तो पीने दो. आदमी गिर जाएगा."

"लाइन में," सावळाराम म्हणाला.

"अरे चाचा, कल तक तो साथ में चाय पीते थे." चंद्रा हसत म्हणाला. मागचे काही हसले.

सावळारामला लाज वाटली. खरी लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळलं नाही. त्याने बंदूक खांद्यावरून काढून दोन्ही हातांत घेतली.

रांग गप्प झाली. चंद्राच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात छातीपर्यंत वर केले, पहिल्या दिवशी हमालांनी केले होते तसे. सावळारामला वाटलं, आता ठीक आहे. त्याच तोऱ्यात त्याने कंटेनरच्या ड्रायव्हरकडे पाहिलं आणि नळी दोनदा हलवली. काढ गाडी.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं नाही. तो नळीकडे पाहत होता. त्याने गिअर टाकला आणि गाडी मागे सरायला लागली.

कंटेनरच्या मागे, उताराच्या मधोमध, जान्या होता. डोक्यावर लाकडांचा भारा. थांबलेल्या गाडीच्या मागून तो नेहमीसारखा तिरपा पलीकडे चालला होता, आणि दहा पावलांत पलीकडे गेला असता. पण चालता चालता त्याने गेटकडे पाहिलं. बंदूक हातात होती. मिटलेली होती. जान्याने भारा खाली टाकला, आणि तो होता तिथं उकिडवा बसला. मान गुडघ्यांत घातली.

सगळ्यात आधी दिसलं चंद्राला. तो ओरडला. मग रांग ओरडली, दीडशे माणसं एकदम. ड्रायव्हरला वाटलं दंगा झाला, त्याने गाडी आणखी रेटली. सावळारामने वळून पाहिलं.

"जान्या! ऊठ! ऊठ, जान्या!"

जान्याने आवाज ओळखला असणार. त्याने मान वर केली. समोरून सावळाराम धावत येत होता, ओरडत होता, आणि त्याच्या हातात बंदूक होती, मिटलेली, वरखाली हलणारी. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. जान्याला काय वाटलं असेल? वाटलं असेल की काहीतरी फार मोठं जनावर उठलंय. त्याने डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि तो आणखी खाली दबला.

बंदूक मोडायला काय लागतं? अंगठ्याने पट्टी सारायची, नळ्या आपल्या वजनाने खाली येतात. बोट मोडायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. सावळाराम पंधरा पावलं धावला, त्याचा अंगठा त्या पट्टीवरच होता, आणि पंधरा पावलांत त्याला ते आठवलं नाही. तो तोंडाने ओरडत राहिला.

गाडी थांबली तेव्हा उशीर झाला होता.

पोलीस आले. ड्रायव्हरला घेऊन गेले. पंचनाम्यात फौजदाराने बंदूक मागितली, उघडली, नळ्यांना नाक लावलं, काडतुसं मोजली. सगळी जागच्या जागी. "बार झालेला नाही," त्याने लिहून घेतलं. "बंदुकीचा अपघाताशी संबंध नाही."

"सायेब, मी ती मोडायला पायजे होती," सावळाराम म्हणाला. "मोडली असती तर तो उठला असता." आणि त्याने सगळं सांगितलं, हाकारे, डबे, बाबूचा दंड, सगळं.

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "काका, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

गावात कुणी त्याला बोल लावला नाही. हरेश म्हणाला, बाबा, तुमचा काय दोष? विशाल म्हणाला, कॅमेऱ्यात दिसतंय, तुम्ही वाचवायला धावलात. कंपनीच्या साहेबांनीही चौकशी केली. पाड्यावर तो गेला तेव्हा ठकी दारात बसली होती, बाबू तिच्या शेजारी. सावळाराम अंगणात उभा राहून म्हणाला, "ठके, मी त्याला ऊठ म्हणालो गं. किती ओरडलो."

ठकी म्हणाली, "तुमच्या तोंडावर जायचं न्हवतं ना दादा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुसऱ्याने सांगितलेलं एखादं काम आपल्या माणसाने नीट केलं, ते सांगावं तसं ती म्हणाली.

सावळारामने नोकरी सोडली. खरंच सोडली, चार दिवस. ओट्यावर बसला. मोटरसायकली गेल्या. पाचव्या दिवशी दुकानात तंबाखू घ्यायला उभा होता, तर मागून एका पोराने "काका, सरका ना बाजूला" म्हणत त्याला कोपराने ढकललं आणि मोबाइलमधून मान वर न काढता आपलं सामान घेतलं. सहाव्या दिवशी सावळाराम युनिफॉर्म घालून गेटवर होता. आनंदीबाईने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याने मनाशी एक मात्र ठरवलं होतं. ठकी दिसली की बंदूक मोडायची. रांग असो, विशाल असो, साक्षात साहेब असो. आणि त्याने ते केलं. ठकी शेवळाच्या रानभाजीच्या जुड्या टोपलीत घेऊन यायची, भिंतीकडेला तिची लुगड्याची कड दिसली रे दिसली की याची बंदूक उघडी. ती मान खाली घालून उतार ओलांडायची. एकदाही त्याच्याकडे पाहायची नाही. आठ दिवस असं झालं.

पण रांगेतल्या माणसांना डोळे असतात. बुड्ढ्याची बंदूक एका म्हातारीला पाहून उघडते, हे त्यांना कळलं. कुणी कुजबुजायला लागलं, कुणी रांग सोडायला लागलं. चंद्रा काम सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेले नवे होते, त्यांना चहाही ठाऊक नव्हता आणि हत्तीही. नवव्या दिवशी चार वाजता रांग वाकडी झाली होती, मागे कुणीतरी शीळ घातली, आणि सावळारामने बंदूक हातात घेतली.

रांग सरळ झाली. तेवढ्यात भिंतीकडेला टोपली दिसली. ठकीने गेटकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली, आणि ती उकिडवी बसली. मान गुडघ्यांत.

सावळारामचा अंगठा पट्टीवर गेला. दीडशे माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्यांना ठाऊक होतं आता काय होणार, आणि पुढच्या दोघांतिघांच्या ओठांच्या कडा आधीच हलायला लागल्या होत्या.

एवढी रांग जाऊ दे, त्याने मनात म्हटलं. एवढी गेली की मोडतो.

त्याने अंगठा काढून घेतला. "ए," तो म्हणाला, आणि नळीने पहिल्याला पुढे बोलावलं. पहिला आला, हात वर केले. मग दुसरा आला. रांग संपायच्या आत आतली दुसरी पाळी सुटली आणि रांग तेवढीच झाली. ऊन भिंतीवर चढलं. सहा वाजता काठीवाला आला, सावळारामने त्याला गेट दिलं आणि तो बंदूक घेऊन, उताराकडे न पाहता, मागच्या दाराने घरी गेला. तेव्हा कुठं ठकीने मान वर केली. गेटवर बंदूक नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, सुकलेली शेवळं टोपलीत नीट केली, आणि हायवेला न जाता आल्या वाटेने परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती नाल्याकडून जायला लागली.